टेम्पो निघून गेल्यावर

पुण्यात कोथरूडच्या बाजूला आमच्या परिसरातल्या काही सोसायट्यांनी मिळून कचरा-संकलन आणि पर्यावरण जागृतीचा पहिला कार्यक्रम घेतला, तेव्हा वजनकाट्याशेजारी वही घेऊन बसण्याचे काम माझ्याकडे आले. मी आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड सुटलेली नाही, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्या खुर्चीसाठी दुसरे नाव कोणी सुचवलेच नाही. ५ जूनच्या जागतिक पर्यावरण दिनाला लागून आलेला रविवार होता. मांडव घातला होता, मुलांनी काढलेली चित्रे दोरीला टांगली होती, एका कोपऱ्यात ओल्या कचऱ्यापासून खत करण्याचे प्रात्यक्षिक चालू होते आणि सकाळी आठच्या आधीपासून माणसे पिशव्या आणि खोकी घेऊन रांगेत उभी होती. रद्दी, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्र्याचे डबे, जे येईल ते आम्ही काट्यावर ठेवत होतो आणि मी वजन लिहून घेत होतो. दुपारी दोन टेम्पो भरून माल गेला. संध्याकाळी मी बेरीज वाचून दाखवली, टाळ्या झाल्या, चहा झाला आणि आपण शहरासाठी काहीतरी केले अशा समाधानात सगळे घरी गेले.

सोमवारी सकाळी आमच्या इमारतीचा कचरा गोळा करणाऱ्या ताई जिन्यात भेटल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. “काका, कार्यक्रम चांगला झाला म्हणं तुमचा. पण आमचा सगळा माल टेम्पोत गेला की. आता ह्या महिन्याला आम्ही इकायचं काय?”

त्या वाक्याचा अर्थ नीट ध्यानात यायला मला दोन दिवस लागले. घरोघरी येणाऱ्या कचरावेचकाच्या कमाईत साधारण दोन भाग असतात. एक, प्रत्येक घराकडून दरमहा मिळणारे शुल्क. दुसरा, सुक्या कचऱ्यातून निवडलेला आणि भंगारवाल्याकडे विकलेला माल. दुसरा भाग पहिल्याइतका ठरलेला नसतो, पण अडीअडचणीला तोच हाताशी येतो. आम्ही मोठ्या उत्साहाने जे गोळा केले ते नेमके हे दुसऱ्या भागाचे होते. रद्दीला, पुठ्ठ्याला, दुधाच्या पिशवीला रोजचा भाव आहे आणि ज्याला भाव आहे ते पुण्यात सहसा कचरा डेपोवर जात नाही, कारण तिथवर पोहोचण्याआधीच कोणाचा ना कोणाचा हात ते उचलतो. म्हणजे आमच्या कार्यक्रमामुळे वाचला असे म्हणून मी जो आकडा वाचून दाखवला, त्यातला फार मोठा हिस्सा आम्ही काहीही केले नसते तरी पुनर्वापरालाच गेला असता. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवलेली रक्कम आम्ही उत्पन्न म्हणून दाखवली होती. अशा नोंदीवर मी नोकरीत असताना लाल शाईने खूण केली असती.

या शहरात राहून हे मला आधी कळायला हवे होते. कचऱ्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न पुण्यात फार पूर्वी विचारला गेला आहे. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्यांनी त्याआधी वस्त्यांमध्ये जाऊन या बायकांबरोबर काम केले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून पोट भरायला आलेली अनेक कुटुंबे त्यांच्यात होती आणि बहुतेक जणी दलित समाजातल्या होत्या. उकिरड्यात हात घालण्याऐवजी दारातूनच वेगळा केलेला कचरा मिळावा आणि आपण चोर नव्हे, कष्टकरी आहोत हे शहराने ओळखपत्र देऊन मान्य करावे, अशी त्यांची साधी मागणी होती. पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. आज आमच्या दाराशी ओला आणि सुका असे दोन डबे ठेवायची जी सवय लागली आहे, तिच्यामागे या बायकांची वर्षानुवर्षांची चिकाटी आहे. आम्ही जागृतीचा कार्यक्रम घेतला आणि त्यांनाच विचारायचे विसरलो.

मी ताईंना म्हणालो की मला तुमचे काम बघायचे आहे. त्या हसल्या आणि दुपारी दोननंतर शेडवर या म्हणाल्या. शेड म्हणजे चार खांबांवरचा पत्रा आणि खाली मालाची बोचकी. तिथे तासभर बसल्यावर माझ्या लक्षात आले की मांडवातल्या फलकांवर आम्ही जे लिहिले होते ते यांच्या बोटांना आधीच पाठ होते. एक ताई सुका कचरा पसरून बसायच्या आणि प्लास्टिकची प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकदाच दाबायच्या. पाण्याची बाटली चुरचुरते आणि परत फुगते. शाम्पूची बाटली जाड असते, दाबली तरी आवाज करत नाही. खेळण्याचा किंवा सीडीच्या डबीचा तुकडा वाकत नाही, कटकन मोडतो. डोळ्यांनी त्या क्वचितच बघत होत्या. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा छापलेला असतो आणि त्यावरून प्लास्टिकचा प्रकार कळतो, असे मी त्यांना मोठ्या थाटात सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “ते बारीक आकडे वाचत बसले तर रात्र हुईल.”

दुधाच्या पिशवीचा धडा मला तिथेच मिळाला. आपण पिशवीचा कोपरा कात्रीने कापतो आणि तो बोटभर तुकडा ओट्यावर, तिथून सिंकमध्ये, तिथून नाल्यात जातो. पिशवीला भाव आहे, त्या तुकड्याला नाही, कारण तो गोळा करणे कोणालाच परवडत नाही. कापताना कोपरा पूर्ण तोडला नाही आणि पिशवीलाच लोंबता ठेवला, की तो तिच्याबरोबर जातो. पिशवी धुऊन उलटी वाळत घालावी, हे वेगळे. त्यांनी मला त्या वेळी न धुतलेली पिशवी हुंगायला दिली. बारा तासांपूर्वीचे दूध होते. त्या वासाचे वर्णन मी इथे करणार नाही, पण आमच्या घरी त्या दिवसापासून दुधाच्या पिशव्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्याला टांगलेल्या असतात आणि पाहुणे आले की बायको ओशाळते.

वेफर्सच्या पाकिटांचा ढीग बाजूला होता. आतून चंदेरी, बाहेरून रंगीत, हलकी आणि कुरकुरीत अशी ती पाकिटे प्लास्टिकचे आणि अॅल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून बनवतात, त्यामुळे थर वेगळे करून पुन्हा वापरणे जवळपास अशक्य असते. त्यांची वाट सहसा सिमेंटच्या भट्टीकडे जाते, जिथे ती कोळशाच्या जोडीने इंधन म्हणून जळतात. भंगारवाला त्यांना हात लावत नाही. त्या ढिगाशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लाल ठिपका काढलेली पुडकी होती. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर असे वेगळे बांधून, खूण करून द्यावेत यासाठी या बायकांनी कितीतरी सभा घेतल्या आहेत. २०१३ साली तर त्यांनी अशा कचऱ्याच्या पिशव्या थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिल्या होत्या. निषेधाची इतकी नेमकी रीत मला आमच्या कोणत्याही समितीच्या बैठकीत सुचली नसती. “काका, अर्धी घरं ठिपका काढत्यात, अर्ध्या घरचं आम्ही हातानं उलगडून बघतो,” असे ताई म्हणाल्या. तेव्हा मी घरी असलेला लाल मार्कर कोणत्या खणात आहे ते आठवू लागलो आणि तो आमच्याकडे नाहीच, हे मला आठवले.

दुसऱ्या वर्षीची तयारी सुरू झाली तेव्हा मी समितीसमोर एकच प्रस्ताव ठेवला. ज्या वस्तूला ताईंकडे भाव आहे ती वस्तू आपण घ्यायची नाही आणि जिला कोणी विचारत नाही तेवढीच घ्यायची. वरवर साधी दिसणारी ही सूचना पुष्कळांना रुचली नाही, कारण तिने वजनाचा आकडा एकदम खाली येणार होता आणि मागल्या वर्षीपेक्षा कमी झालेला आकडा बोर्डावर लिहायला कोणाला आवडेल? त्यातच मुलांसाठी ‘सर्वाधिक वजन’ असे बक्षीस ठेवलेले होते. पहिल्या वर्षी त्या बक्षिसासाठी एका घराने कोपऱ्यावरच्या दुकानातून रद्दी विकत आणून काट्यावर ठेवली होती, हे मला नंतर त्या दुकानदाराकडूनच कळले. बैठकीत मी ते सांगितले, थोडा हशा झाला आणि बक्षीस रद्द झाले.

तारीखही बदलली. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात वळवाची सर केव्हाही येते आणि पहिल्या वर्षी ती नेमकी साडेअकराला आली होती. भिजलेल्या पुठ्ठ्याचे वजन वाढते आणि भाव कोसळतो, असे त्या दिवशी टेम्पोवाला आम्हाला ओरडून सांगत होता. पर्यावरण दिन पाळायचा तर पाळा, भाषणे करा, झाडे लावा, पण जुन्या वस्तू लोक दिवाळीच्या साफसफाईलाच माळ्यावरून खाली काढतात, हे ताईंनीच सुचवले. ते खरेही आहे. गणेश विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य कलश ठेवण्याचा उपक्रम पुण्यात रुजला, याचे कारण त्यावर झालेली भाषणे नव्हेत. माणूस निर्माल्य टाकायला हात पुढे करतो त्याच क्षणी, त्याच जागी त्याच्यासमोर कलश असतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत पुढे आणली, तिचेही तसेच आहे. बादलीत पाणी आणि ती पूड घालून मूर्ती ठेवली की हळूहळू तळाशी चुनखडीचा गाळ उरतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत राहते. आमच्या इमारतीत चार घरे ते करतात आणि चारही जणांनी पहिल्यांदा शेजारच्या बाल्कनीत ती बादली पाहिली होती. म्हणून आम्ही दिवाळीच्या आधीचा दुसरा रविवार धरला.

त्या रविवारी जे आले ते पाहून मी थक्क झालो. जुने मोबाइल, त्यांचे गुंतलेले चार्जर, बंद पडलेले मिक्सर, रिमोट, ट्यूबलाइट, नव्वदच्या दशकातले पेटीसारखे टीव्ही. लोकांनी हे सगळे का जपून ठेवले होते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच होते. कोणाला द्यायचे ते माहीत नव्हते. भंगारवाला टीव्ही घेतो, पण तो पुढे कुठे फुटतो ते आपण बघत नाही. त्या जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते, ट्यूबलाइटमध्ये पारा असतो आणि कुठल्यातरी गल्लीत वायर जाळून तांबे काढणाऱ्या पोरांच्या छातीत तो धूर जातो. ई-कचऱ्याचे सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार हा माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. म्हणून आम्ही टेम्पो निघण्यापूर्वी पावती घेतली आणि ती वहीला टाचली. मोबाइल देताना लोक चाचरत होते, कारण आत फोटो आणि बँकेचे संदेश होते. आमच्या इमारतीतल्या एका तरुण मुलाने टेबल टाकून प्रत्येकाचा फोन, चालू होत असेल तर, त्याच्यासमोर पुसून दिला. फुगलेल्या बॅटरीचे दोन फोन आले, ते त्याने वाळूच्या बादलीत ठेवले, कारण लिथियमच्या बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेते. ती बादली म्हणजे त्या दिवसाचे सर्वात लोकप्रिय प्रदर्शन ठरले. मुले तिच्याभोवती गोल करून काही स्फोट होतो का याची वाट पाहत होती.

थर्माकोलवर मात्र आमची अजून हार आहे. त्यात जवळजवळ ९८ टक्के हवा असते, म्हणजे टेम्पो भरला तरी मालाचे वजन फारच थोडे भरते आणि गाडीभाड्यापुढे त्याची किंमत शून्य ठरते. मागल्या वर्षी आम्ही ते घेतले, पंधरा दिवस पार्किंगमध्ये ठेवले आणि शेवटी मोठ्या मिनतवारीने एकाने नेले. या वर्षी नको असे मी म्हणतो आहे. आपण घेतले की लोक निर्धास्तपणे आणतात आणि तसेच निर्धास्तपणे विकतही घेत राहतात, असा माझा अनुभव आहे. संकलनाच्या कार्यक्रमाचा हा एक तोटा कोणी बोलत नाही. वर्षभर साठवा, एका रविवारी देऊन टाका आणि पुन्हा साठवायला मोकळे व्हा, अशी पापक्षालनाची सोय त्यातून होते.

आमच्या स्वतःच्या कार्यक्रमाकडेही बघायला हवे होते. त्या वेळी लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे शंभरपेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम परवानाधारक जागेबाहेर घ्यायचा तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजी दिवस आधी कळवावे लागत होते आणि तिथला कचरा जागच्या जागी वेगळा करण्याची जबाबदारी आयोजकाची होती. पहिल्या वर्षी आम्हाला हे माहीतच नव्हते. स्वागताला प्लास्टिकच्या छोट्या बाटल्यांतून पाणी दिले, नाश्ता चकचकीत कागदी पत्रावळीत दिला आणि मांडवाच्या दारावर दहा फुटांचा फ्लेक्स लावला, ज्यावर पृथ्वीला दोन हातांनी सावरणारे चित्र होते. कार्यक्रम संपल्यावर त्या फ्लेक्सचे काय करायचे हे कोणाला कळेना, कारण तो भंगारात जात नाही आणि जाळला तर विषारी धूर होतो. तो वर्षभर मीटरच्या खोलीत गुंडाळून पडला होता. शेवटी ताईंनी मागून नेला आणि पावसाळ्यात शेडच्या वाऱ्याच्या बाजूला बांधला. आता आम्ही कापडावर लिहून घेतो आणि वर्ष तेवढे बदलतो. रंगाऱ्याने गेल्या वेळी आकडा खोडताना एक डाग पाडला आहे, तो राहू दिला.

भाषणांबद्दल मला फारसे बोलायचे नाही. एक वक्ता असतो, तो चांगले बोलतो, लोक ऐकतात. पण पाऊण तासाच्या व्याख्यानापेक्षा ताईंच्या टेबलापुढे माणसे जास्त वेळ उभी राहिली, हे मी वहीतून मान वर करून पाहिले. दुसऱ्या वर्षी आम्ही त्यांना मांडवातच बसवले होते, रोजगार देऊन, कारण त्यांचा रविवार फुकटचा नाही. लोक पिशवी उघडायचे, त्या एकेक वस्तू उचलून सांगायच्या, हे आमच्याकडे द्या, हे टेम्पोत, हे कुणीच घेत नाही, हे परत घरी न्या आणि पुढच्या वेळी घेऊ नका. एका बाईंनी सुंदर कागदी कप आणले होते आणि कागद म्हणून ते रद्दीत जावेत असा त्यांचा आग्रह होता. ताईंनी कप फाडून आतला प्लास्टिकचा पापुद्रा नखाने सोलून दाखवला. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण कपाचा तो तुकडा त्यांनी पर्समध्ये ठेवलेला मी पाहिला. कोणाला दाखवणार होत्या कोण जाणे.

वहीत मी आता वजनाचा रकाना ठेवलेला नाही. त्याऐवजी तीन रकाने आहेत. काय आले, कुठे गेले आणि पावती मिळाली का. तिसरा रकाना भरायला दोन-दोन आठवडे लागतात आणि अजून काही ओळी रिकाम्या आहेत, विशेषतः चपला आणि बूट यांच्या. त्या उचलणाऱ्याने पुढे त्यांचे काय केले हे मला समाधानकारक कळलेले नाही, म्हणून यंदाच्या यादीत त्या नाहीत.

यंदाचा वाद कपड्यांवर आहे. समितीतल्या निम्म्यांना जुने कपडे घ्यावेत असे वाटते, कारण प्रत्येक घरात कपाट ओसंडते आहे आणि देताना मन हलके होते. माझी शंका अशी की घालण्याजोगे कपडे बोहारीण आणि ओळखीची माणसे नेतातच. उरतात ते फाटके आणि मिश्र धाग्याचे, ज्यांत सूत आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेले असल्यामुळे ते सहजी वेगळे करता येत नाहीत. पानिपतमध्ये जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढून ब्लँकेट विणतात, पण पुण्याच्या कपाटातून लोकर निघते तरी किती? समोरच्या इमारतीतल्या काकूंचे म्हणणे असे की फाटक्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून घेऊ, शिवणाऱ्या बायका आपल्याच वस्तीत आहेत. हे मला पटते आहे, पण त्यांना मजुरी कोण देणार हे वहीत आधी लिहिल्याशिवाय मी मान डोलावणार नाही.

निर्णय शनिवारच्या बैठकीत व्हायचा आहे. बैठक नेहमीप्रमाणे सकाळी अकराला लावली होती. ताईंनाही या म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “अकराला मी तिसऱ्या बिल्डिंगीत असते, काका.” मग ती साडेतीनला ठेवली आहे.